सुट्टीत स्कूबा डायव्हिंग शिकताय? पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी म्हटली की हल्ली अनेक कुटुंबे मालवण-तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमानचे स्वराज द्वीप (हॅवलॉक) गाठतात आणि तिथे पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करून पाहतात. काही जण फक्त अर्ध्या तासाचा अनुभव घेतात, काही जण तीन-चार दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र घेऊन परततात. तारकर्लीला तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे.

निरोगी माणसाने चांगल्या प्रशिक्षकाबरोबर आणि नियम पाळून केलेले डायव्हिंग बऱ्यापैकी सुरक्षित असते. अडचण येते ती सुट्टीतल्या घाईमुळे. पैसे भरलेले असतात, सगळा ग्रुप बोटीत बसलेला असतो, उद्या परतीची गाडी किंवा विमान असते. अशा वेळी एक कागद पुढे येतो आणि त्यावरच्या सगळ्या प्रश्नांना न वाचताच ‘नाही’ अशी खूण केली जाते. दमा, रक्तदाब, कानाचे जुने ऑपरेशन, रोजच्या गोळ्या हे सगळे त्या खुणांखाली झाकले जाते.

पाण्याखालचे कौशल्य सुट्टीत शिकावे, पण शरीराची तपासणी आणि प्रश्नांची उत्तरे घरीच, निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी व्हायला हवीत. हे का गरजेचे आहे आणि त्यासाठी नेमके काय करायचे, ते या लेखात पाहू.

‘अनुभव’ आणि ‘कोर्स’ यांतला फरक

पर्यटक ज्याला ‘स्कूबा केले’ म्हणतात तो बहुतेक वेळा एकदाच घेतलेला अनुभव असतो. प्रशिक्षक किनाऱ्यावर किंवा उथळ पाण्यात थोडी माहिती देतो, मग तुम्हाला धरून काही मीटर खाली नेतो. तुमचे सिलिंडर, तरंगणे, खोली हे सगळे तो सांभाळतो. यासाठी पोहता येणे बहुतेक ठिकाणी सक्तीचे नसते.

कोर्समध्ये मात्र तुम्ही स्वतः शिकता. आधी पुस्तकी भाग, मग पोहण्याच्या तलावात सराव आणि शेवटी समुद्रात साधारण चार डाइव्ह. पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र १८ मीटर खोलीपर्यंतचे असते. त्यासाठी साधारण २०० मीटर सलग पोहणे आणि १० मिनिटे आधाराशिवाय तरंगणे जमावे लागते.

आरोग्याचे नियम मात्र दोन्हींना तेच लागू होतात. ‘आम्ही फक्त पाच-सहा मीटर जाणार, मग काय होणार?’ हा समज चुकीचा आहे.

पाण्याखाली शरीरात काय घडते?

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरणाइतका दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट.

आपले शरीर बहुतांशी पाण्याचे बनलेले असल्याने मांस, हाडे, रक्त यांना हा दाब जाणवत नाही. पण जिथे हवा आहे तिथे फरक पडतो. मधला कान, सायनस, फुप्फुसे आणि तोंडावर लावलेला मास्क या त्या जागा. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. वर येताना तीच हवा पुन्हा फुगते.

यातला सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना हवा निम्मी होते, पण २० वरून ३० मीटरला जाताना ती केवळ एक चतुर्थांशाने कमी होते. म्हणूनच कानाचे बहुतेक त्रास उथळ पाण्यात आणि नवशिक्यांनाच होतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. ती आपली नेहमीचीच, गाळून आणि दाबून भरलेली कोरडी हवा असते. त्यात साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन असतो. या नायट्रोजनचा संबंध पुढे परतीच्या प्रवासाशी येणार आहे.

पहिले कौशल्य: कान मोकळे करणे

घाट चढता-उतरताना किंवा विमान खाली येताना कानाला दडे बसतात, हा अनुभव सगळ्यांना आहे. मधल्या कानापासून घशाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नळी असते. गिळताना किंवा जांभई देताना ती उघडते, हवा आत शिरते आणि दडे सुटतात. पाण्यात हाच बदल कितीतरी वेगाने होतो, म्हणून नळी मुद्दाम उघडावी लागते.

कसे करायचे?

* नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवा आणि नाकातून हळूच हवा सोडण्याचा प्रयत्न करा. कानात ‘टक्’ असे होईल.
* हे जमत नसेल तर नाक धरून आवंढा गिळा.
* सुरुवात पाण्याच्या पृष्ठभागावरच करा आणि खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला पुन्हा करा. दुखू लागण्याची वाट पाहू नका.
* डोके खाली करून जाण्यापेक्षा पाय खाली ठेवून, दोरी धरून उतरणे नवशिक्याला सोपे जाते.
* कान दुखला तर तिथेच थांबा, थोडे वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरी सुटत नसेल तर त्या दिवशी डाइव्ह नको.

जोर लावून फुंकू नका. जास्त जोर लावल्यास कानाच्या पडद्यालाच नव्हे, तर आतल्या कानातल्या नाजूक पडद्यालाही इजा होऊन चक्कर, कानात सतत आवाज आणि ऐकू कमी येणे असे त्रास होऊ शकतात.

सर्दी-पडसे असताना डायव्हिंग करू नये, याचे कारणही ही नळीच आहे. सर्दीत ती सुजलेली असते. काही जण नाक मोकळे करणारे थेंब घालून किंवा गोळी घेऊन उतरतात. औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना फुगणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कान किंवा सायनस भयंकर दुखतो. खाली जाताना दुखले तर वर येऊन सुटका होते. वर येताना दुखले तर तशी पळवाट नसते.

कानात बोळे घालू नका, तेलही घालू नका. कानाच्या पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा पडद्यात नळी बसवलेली असेल तर पाण्यात उतरायचे नाही. कानाचे ऑपरेशन पूर्वी झाले असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

मास्कमधली हवाही खाली जाताना आकसते आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो. अधूनमधून नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडली की हे टळते. नाक मोकळे ठेवणारा पोहण्याचा साधा गॉगल डायव्हिंगला चालत नाही, तो यामुळेच. डाइव्हनंतर मास्कमध्ये किंचित रक्त दिसले तर घाबरू नका. सायनसवर दाब आल्याने घोळणा फुटल्यासारखे होऊ शकते. रक्त थांबत नसेल किंवा चेहरा खूप दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दुसरे कौशल्य: श्वास कधीही न रोखणे

पोहणे शिकताना आपल्याला पाण्यात श्वास रोखायची सवय लागते. स्कूबामध्ये ती सवय मोडावी लागते, कारण तिथे ती जिवावर बेतू शकते.

समजा, १० मीटर खोलीवर तुम्ही सिलिंडरमधून छातीभर श्वास घेतला आणि घाबरून, श्वास रोखून सरळ वर आलात. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुसाला तितके ताणता येत नाही. ते फाटते आणि हवा छातीच्या पोकळीत किंवा थेट रक्तात शिरते. रक्तातून हे बुडबुडे मेंदूत गेले तर अर्धांगवायूसारखी लक्षणे किंवा बेशुद्धी येते, तीही वर आल्यावर साधारण १० मिनिटांच्या आत. एक-दीड मीटर खोलीवरूनही असे होऊ शकते, म्हणजे पोहण्याच्या तलावातसुद्धा.

म्हणून प्रशिक्षक पुन्हापुन्हा सांगतो: श्वास चालू ठेवा, सावकाश घ्या, पूर्ण सोडा. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि जरा खोल डाइव्ह असेल तर ५ मीटरवर तीन मिनिटे थांबा.

दमा, जुना क्षयरोग किंवा फुप्फुसातले हवेचे फुगे यांबद्दल डॉक्टर इतके खोदून का विचारतात, हे आता लक्षात येईल. फुप्फुसाच्या एखाद्या भागातून हवा सहज बाहेर पडत नसेल, तर श्वास चालू ठेवूनही तो भाग फुगून फाटू शकतो.

कोणी उतरू नये, कोणी आधी विचारावे?

*सध्या किंवा कायमच टाळावे अशी स्थिती:*

* गर्भधारणा. पोटातल्या बाळावर होणाऱ्या परिणामाची खात्री देता येत नाही, त्यामुळे डायव्हिंग नको.
* फिट येण्याचा आजार. पाण्याखाली फिट आली तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि बुडण्याचा धोका असतो.
* आपोआप फुप्फुस फाटून छातीत हवा भरल्याचा पूर्वेतिहास.
* कानाच्या पडद्याला छिद्र, कान वाहणे, चालू सर्दी-सायनसचा त्रास.
* रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरलेला असून तो अजून विरलेला नसणे. अशा वेळी विमानप्रवासही करायचा नसतो.
* नियंत्रणात नसलेला हृदयविकार, छातीत दुखणे, अलीकडे आलेली चक्कर किंवा बेशुद्धी.

*आधी डॉक्टरांचा सल्ला आणि लेखी संमती घ्यावी अशी स्थिती:*

दमा. दमा असलेल्या प्रत्येकाला बंदी नसते. पण व्यायामाने, थंड हवेने किंवा घाबरल्यावर ज्यांना दम लागतो त्यांनी डायव्हिंग टाळावे, कारण पाण्याखाली या तीनही गोष्टी एकत्र येतात. बाकीच्यांनी श्वासाची तपासणी करून घ्यावी. गेल्या ४८ तासांत आराम देणारा पंप घ्यावा लागला असेल किंवा छातीत घरघर झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको.

उच्च रक्तदाब आणि हृदयविकार. पाण्यात शिरताच हातापायांतले बरेचसे रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयावर एकदम भार येतो. त्यात थंडी, भीती आणि लाटांशी झुंज यांची भर पडते. वय वाढलेल्या डायव्हरच्या मृत्यूंमध्ये हृदयविकार हे एक मोठे कारण असते. वय ४५ पेक्षा जास्त असून धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी तपासणी करावी. साधी कसोटी अशी: तीन-चार जिने न थांबता चढल्यावर छातीत दुखत असेल किंवा खूप दम लागत असेल, तर स्कूबाचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करा.

मधुमेह. मुख्य भीती साखर कमी होण्याची असते. पाण्याखाली थरथर, घाम, गोंधळ ही लक्षणे ओळखू येत नाहीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर बरीच खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची परवानगी हवीच. परवानगी मिळाल्यावरही उतरण्यापूर्वी साखर १५० पेक्षा जास्त आणि स्थिर असावी, आणि बोटीत ग्लुकोज जवळ असावे.

क्षयरोग होऊन गेलेला असणे. उपचार पूर्ण झाले तरी फुप्फुसात पोकळी किंवा व्रण राहिलेला असू शकतो. फक्त ‘आता मी बरा आहे’ एवढ्यावर जाऊ नका. छातीरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटल्यास ते सीटी स्कॅन करतील.

रक्त पातळ करणारी औषधे. कानात किंवा सायनसमध्ये थोडी इजा झाली तरी रक्तस्राव वाढू शकतो.

भीती आणि पॅनिक अटॅक. बंद लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या यंत्रात जीव घाबरा होत असेल, तर हे लपवू नका. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धावतो, आणि त्यात काय होते ते वर पाहिलेच.

सर्दी, ॲलर्जी आणि बोट लागण्याच्या गोळ्या. यांतल्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात. प्रवासात नवीन गोळी पहिल्यांदाच घेऊन पाण्यात उतरू नका. घरी एकदा घेऊन परिणाम पाहा.

तो कागद घरीच का भरावा?

डायव्हिंगपूर्वी दिला जाणारा आरोग्याचा फॉर्म ही केवळ औपचारिकता नसते. त्यात एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला ‘होय’ आले की डॉक्टरांची सही लागते. किनाऱ्यावर ‘होय’ लिहिले तर त्या दिवशीचा बेत बहुधा रद्द होतो, म्हणूनच लोक ‘नाही’ लिहितात. घरी दोन-तीन आठवडे आधी ‘होय’ लिहिले तर फक्त डॉक्टरांकडे एक फेरी वाढते.

डायव्हिंग केंद्राकडून फॉर्म आधीच मागवून घ्या. तो आणि चालू औषधांची यादी घेऊन आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. त्यांना साधे तीन प्रश्न विचारा: माझ्या फुप्फुसातून हवा सहज आत-बाहेर होते का? माझे हृदय जोराचे श्रम झेलू शकते का? मी अचानक बेशुद्ध पडण्याची काही शक्यता आहे का? गरजेप्रमाणे ते ईसीजी, श्वासाची चाचणी किंवा कानाची तपासणी सुचवतील.

कोर्स करणार असाल तर पुस्तकी भाग घरीच ऑनलाइन पूर्ण करता येतो. शक्य असल्यास आपल्या शहरातल्या तलावात सराव आटोपून फक्त समुद्रातल्या डाइव्ह सुट्टीसाठी ठेवा. नवी हालचाल अंगवळणी पडायला मधे झोप आणि पुन्हा सराव लागतो. रात्रभर बसचा प्रवास करून सकाळी थेट पाण्यात उतरणाऱ्याचे डोके आणि हात दोन्ही थकलेले असतात.

डाइव्हच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

* आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. दारू नको. हँगओव्हरमध्ये शरीरातले पाणी कमी झालेले असते आणि निर्णयही चुकतात.
* सकाळी हलका नाश्ता करा. उपाशी जाऊ नका, मसालेदार भरपेट जेवूनही नको.
* पाणी पीत राहा. उन्हात बोटीवर बसून घाम खूप जातो, आणि सिलिंडरची कोरडी हवा घसाही कोरडा करते.
* खुणा नीट शिका. अंगठा आणि तर्जनीचे गोल कडे म्हणजे ‘ठीक आहे’. वर केलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नव्हे, तर ‘मला वर जायचे आहे’. हाताचा पंजा डावी-उजवीकडे हलवणे म्हणजे ‘काहीतरी बिघडले आहे’. मग त्रास होतो त्या जागेकडे बोट दाखवा.
* तोंडात पाणी गेले तर काय करायचे आणि मास्कमधले पाणी कसे काढायचे, हे उथळ पाण्यात करून दाखवा आणि जमेपर्यंत पुन्हा करा. प्रशिक्षक घाई करत असेल तर ‘अजून एकदा’ म्हणायला संकोच करू नका.
* बोटीवर ऑक्सिजनचे किट आहे का आणि एका प्रशिक्षकाकडे किती जण आहेत, हे विचारा. पहिल्या अनुभवाला प्रत्येकासोबत एक प्रशिक्षक असणे सर्वांत चांगले.

पाण्याखाली अचानक दम लागणे, खोकला येणे, छातीत घरघर होणे हे फक्त भीतीचे लक्षण समजू नका. काही जणांच्या फुप्फुसात पोहताना किंवा डायव्हिंग करताना पाणी साठते; उच्च रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त असतो. डाइव्ह तिथेच थांबवावी, सावकाश वर यावे, बसते करून ऑक्सिजन द्यावा आणि रुग्णालय गाठावे.

परतीचा प्रवास: घड्याळाकडे लक्ष द्या

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो, पण त्याला काही तास लागतात. त्याआधीच तुम्ही विमानात बसलात तर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असल्याने विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तसेच.

म्हणून सर्वसाधारण नियम असा आहे:

* एकच डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास थांबा.
* एका दिवसात एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास.

साधारण ६०० मीटरपेक्षा उंच जाणाऱ्या रस्त्यालाही हाच नियम लावतात. महाराष्ट्रातल्या पर्यटकांना याची कल्पना नसते. मालवणहून परतताना लागणारी आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पाच-सहा मीटरवरच्या एका छोट्या अनुभवानंतर धोका फारच कमी असतो. पण कोर्सच्या शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणे योग्य नाही. शेवटचा दिवस किल्ला, बाजार आणि माशांच्या जेवणासाठी ठेवा. अंदमानमध्येही विमानाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर डाइव्ह ठेवू नका.

घरच्यांनी कशावर लक्ष ठेवावे?

डाइव्हनंतर पुढचे २४ तास खालीलपैकी काही दिसले तर ते डायव्हिंगमुळेच झाले आहे असे धरून चाला:

* खांदा, कोपर, गुडघा असे सांधे दुखणे
* हातापायांना मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा
* त्वचेवर निळसर-लाल चट्टे आणि खाज
* नेहमीपेक्षा खूपच थकवा
* चक्कर, तोल जाणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ
* लघवी न होणे
* छातीत दुखणे, दम लागणे, खोकल्यातून रक्त

‘ओझे उचलले म्हणून खांदा दुखतोय’ असे म्हणून वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नका. काय करावे? रुग्णाला आडवे झोपवा (दम लागत असेल तर बसते ठेवा), डायव्हिंग केंद्राला कळवून शुद्ध ऑक्सिजन सुरू करा आणि १०८ किंवा ११२ वर फोन करा. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. पुन्हा पाण्यात नेऊन ‘बरे करण्याचा’ प्रयत्न कधीही करू नका.

यावरचा खरा उपचार म्हणजे दाब वाढवलेल्या बंद कक्षात ऑक्सिजन देणे. अशी सोय सगळीकडे नसते. मुंबईत कुलाब्याच्या आणि अंदमानात श्री विजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) नौदलाच्या रुग्णालयात असे कक्ष आहेत. जवळची सोय कुठे आहे, हे डायव्हिंग केंद्राला पैसे भरण्यापूर्वीच विचारा. रुग्णालयात गेल्यावर पहिले वाक्य ‘आज इतक्या वाजता स्कूबा डायव्हिंग केले’ हेच असू द्या. हे सांगितले नाही तर निदान चुकू शकते.

कान फक्त जड वाटत असेल तर तो बहुधा काही दिवसांत सुटतो. तोपर्यंत पुन्हा डाइव्ह नको. पण कानातून रक्त किंवा पाणी आले, ऐकू कमी येऊ लागले किंवा गरगरायला लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोहता येत नाही, तरी चालेल का?
प्रशिक्षकाने धरून दिलेल्या अनुभवासाठी चालते. पण पाण्याची भीती नसलेली बरी. कोर्स करायचा असेल तर आधी पोहायला शिका.

चष्मा आहे, काय करू?
चष्मा मास्कमध्ये बसत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. काही केंद्रांत नंबरचे मास्क मिळतात. मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याचे ऑपरेशन अलीकडे झाले असेल तर किती दिवस थांबायचे हे नेत्रतज्ज्ञांना विचारा.

मासिक पाळीत करता येईल का?
हो. त्रास होत नसेल तर टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून डायव्हिंग करता येते.

मुले कितव्या वर्षापासून शिकू शकतात?
बहुतेक प्रशिक्षण संस्था समुद्रातल्या डायव्हिंगसाठी किमान वय १० वर्षे धरतात. पण वयाइतकेच महत्त्वाचे म्हणजे मुलाला स्वतःला जायचे आहे का, आणि सूचना समजून तो तशाच पाळतो का. सतत सर्दी, कान दुखणे असलेल्या मुलांना आधी तपासून घ्या. किनाऱ्यावर ते ‘नको’ म्हणाले तर भरलेल्या पैशांकडे पाहू नका.

डॉक्टरांनी नाही सांगितले तर?
कोणत्या कारणाने नाही, ते समजून घ्या. सर्दी असेल तर पुढच्या सुट्टीत जाता येईल. कानाचे कारण असेल तर तळ दिसणाऱ्या बोटीतून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. हृदयाचे कारण असेल तर स्नॉर्कलिंगसुद्धा विचारल्याशिवाय करू नका. पृष्ठभागावर तरंगतानाही हृदयावर भार येतो.

विम्याचे काय?
अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळांतल्या इजा वगळलेल्या असतात. निघण्यापूर्वी आपल्या पॉलिसीतली ती ओळ वाचून घ्या.

थोडक्यात

आरोग्याचा फॉर्म निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी, खरी उत्तरे देऊन भरा. सर्दी असेल तर उतरू नका. कान दुखण्याआधीच मोकळे करा, जोर लावू नका. श्वास कधीही रोखू नका. शेवटची डाइव्ह आणि विमान किंवा घाट यांत १२ ते १८ तास ठेवा. आणि ऐन वेळी मन कच खात असेल, कान सुटत नसेल, तर अंगठा वर करून परत फिरा. डाइव्ह मधेच थांबवता येणे हेही या कोर्समध्ये शिकवले जाणारे एक कौशल्य आहे आणि चांगला प्रशिक्षक त्यासाठी कधीच रागावणार नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारांबद्दल आणि औषधांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)